कपाटातला डबा

गुडघे कुरकुरू लागले म्हणून पंचावन्नाव्या वर्षी मी व्यायामशाळेची पायरी चढलो. "फादर, पावडर घ्या, नाहीतर घाम वाया जाईल," असे तिथला एक तरुण म्हणाला. मी महागडा डबा आणला आणि, खरे सांगायचे तर, स्वयंपाकिणीला दिसू नये म्हणून कपाटात दडवला. व्हे म्हणजे दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातलेच सत्त्व. ते पाणी आई भाकरीच्या पिठात घालीत असे! एका मापात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने, म्हणजे चार अंड्यांइतकी. माझ्या ताटात डाळ, मासळी होतीच. उणीव होती ती सकाळच्या चहा-पावात. तो तरुण मात्र डब्यासाठी दुपारचे जेवण टाळीत होता, हे पुढे कळले. आता व्यायामानंतर आम्ही दोघे माझ्याकडेच अंडी उकडतो. डबा अजून कपाटातच आहे.