काशीतला काळोख आणि चारशेचा रोल

कार्तिकातल्या संध्याकाळी काशीच्या पंचगंगा घाटावर उंच बांबूंच्या टोकांना वेताच्या टोपल्या चढू लागतात. प्रत्येक टोपलीत एक दिवा. हे आकाशदीप, पितरांसाठी लावलेले. घाटावर दगडी दीपस्तंभही आहे; तो अहिल्याबाई होळकरांनी उभारला असं सांगतात. शेजारच्या ब्रह्माघाट, दुर्गाघाट भागात मराठी घराणी पिढ्यानपिढ्या राहत आली, त्यामुळे आपल्याकडच्या यात्रेकरूला इथे परकं वाटत नाही. पंचाईत होते ती कॅमेऱ्याची.

फ्लॅश मारावा तर दिव्याचा सोनेरी उजेड मरतो. तिवई लावावी तर नाव डुलते.

काशीच्या अपुऱ्या उजेडाने भल्याभल्यांना विचार करायला लावलं आहे. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो' (१९५६) या चित्रपटात काशीतलं घर आहे. त्याच्या चौकात वरच्या आकाशातून झिरपेल तेवढाच उजेड. हा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारला होता. छायाचित्रणकार सुब्रत मित्रांनी वर पांढरं कापड ताणलं, दिव्यांचा झोत त्यावर टाकला आणि परतून आलेल्या मऊ उजेडात चित्रण केलं.

घाटावरच्या हौशी छायाचित्रकाराकडे ना कापड, ना झोत. कृष्णधवल रोल वापरणारे मग एक लबाडी करतात. रोल ४०० स्पीडचा, पण कॅमेऱ्याची चकती १६०० वर. फिल्मवर हवा त्याच्या चौथा हिस्सा प्रकाश पडतो आणि ती उणीव डार्करूममध्ये जास्त वेळ धुऊन भरायची. यालाच रोल 'पुश' करणं म्हणतात. इलफर्डचा एचपी-५ प्लस मायक्रोफेनमध्ये २० अंशांना एरवी साडेसहा मिनिटं लागतो; १६०० ला ११, ३२०० ला १६. उन्हाळ्यात नळाचं पाणीच कितीतरी गरम, तेव्हा डबा बर्फाच्या पाण्यात ठेवायचा.

भरपाई अर्धीच होते, हे मात्र कुणी आधी सांगत नाही. दिवा आणि दिव्याजवळचा चेहरा उजळतो, दाणे जाड होतात. पण जिथे प्रकाश पोचलाच नाही, तिथे कितीही वेळ धुतलं तरी काही उमटत नाही. काठाची काळी गल्ली काळीच राहते. म्हणून दिव्याच्या ज्योतीवर नव्हे, दिवा धरणाऱ्या आजीच्या गालावर मीटर धरावा. आजी पुन्हा काशीला येतीलच असं नाही.

आणखी एक. पुश होतो तो अख्खा रोल. सकाळच्या उन्हातली चित्रं त्याच रोलवर असली तर त्यांची निगेटिव्ह काळीठिक्कर होते. उन्हासाठी वेगळा रोल घ्यावा, आणि रात्रीच्या डबीवर ठळक '१६००' लिहावं. नाहीतर स्टुडिओवाला नेहमीसारखा धुतो आणि ३६ फिकट चौकटी हाती येतात.

मोबाइलवर आज हे सारं क्षणात होतं. तरी संध्याकाळी नावेत एखादा जण हळूच चकती फिरवताना दिसतो. नाव मणिकर्णिकेशी येते. चितांचा उजेड पाण्यावर हलत असतो, १६०० ला सहज टिपता येईल एवढा. नावाडी काही बोलत नाही. कॅमेरा पिशवीत जातो.