वजन लाकडावर, स्क्रूवर नाही

तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी रिकामी असताना दोन माणसं सहज उचलतात, आणि तिथेच तिच्या वजनाचा अंदाज चुकतो. तिच्यात काठोकाठ १२० लिटरच्या आसपास पाणी मावतं, म्हणजे १२० किलो. आठ मिलिमीटरच्या काचेचे सुमारे २७ किलो, आणि तळाला दोन इंच वाळू घातली की आणखी वीस-बावीस. बेरीज १७० किलोच्या घरात जाते, आणि हे सगळं वजन तीन चौरस फुटांवर रात्रंदिवस, वर्षानुवर्षं बसून राहतं. बपेऱ्यासारख्या तुमसर तालुक्यातल्या गावात टाकीखालचा स्टँड घरीच बांधणं सोयीचं असतं, कारण लाकूड, आरा मशीन आणि रंधा चालवणारा हात हे सगळं जवळपास मिळतं. असा स्टँड बांधताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. लाकूड किती भक्कम, हा प्रश्न दुय्यम आहे. टाकीच्या तळापासून जमिनीपर्यंत वजन कुठल्या वाटेने उतरतं, हा खरा प्रश्न. त्या वाटेवर लाकूड लाकडावरच टेकलेलं हवं. वजन मध्येच एखाद्या स्क्रूवर अडलं, की स्टँड कच्चा राहिला म्हणून समजावं.

लाकूड कमी पडत नाही, हे साध्या हिशेबातून दिसतं. दोन इंची चौरस सागवानी पायाचा छेद २५ चौरस सेंटीमीटर भरतो. सुरक्षिततेची भरपूर सूट ठेवून चौरस सेंटीमीटरला ५० किलो धरले, तरी एकटा पाय बाराशे किलो पेलतो आणि चार पाय मिळून पाच हजार. वजन आहे १७० किलो. म्हणजे धुऱ्यावरची नीट वाळलेली बाभूळसुद्धा या कामाला पुरेशी आहे. तरीही घरगुती स्टँड डुगडुगतात, झुकतात. याचं कारण बहुधा वरच्या कोपऱ्यात असतं. आडवी पट्टी पायाच्या बाजूला लावून दोन स्क्रू पिळले जातात, आणि टाकीचं सगळं वजन त्या आठ स्क्रूंवर लटकतं. आपल्याकडच्या जुन्या लाकडी घरांत असं कुणी केलेलं नाही. तिथे मयाल खांबाच्या डोक्यावर बसते, आणि मांडवाची आडवी लाकडं मेढीच्या बेचक्यात ठेवतात. दोर किंवा खिळा असतो तो लाकूड जागचं हलू नये म्हणून. भार सोसायचं काम त्याला कुणी दिलेलं नसतं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की चांगला स्क्रू एकेकटा पन्नास-पाऊणशे किलो धरतो, मग आठ स्क्रूंना १७० किलो जड का जावेत? पहिल्या दिवशी जात नाहीत, हे मला मान्य आहे. पण लाकूड सततच्या भाराखाली हळूहळू दबत राहतं. जे लाकूड काही मिनिटांसाठी १०० किलो सहन करतं, त्याच्यावर दहा वर्षं सलग भार ठेवायचा असेल तर सुमारे ६० किलोच धरावेत, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. शिवाय भंडारा जिल्ह्याची हवा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते. मे महिन्यात लाकूड कडकडीत सुकतं आणि रोवणीच्या दिवसांत ओल पिऊन फुगतं. हा खेळ दरवर्षी चालतो, त्यात स्क्रूभोवतालचं भोक मोठं होत जातं आणि पट्टी केसभर खाली सरकते. पट्टी खाचेत टेकलेली असेल तर सरकायला जागाच उरत नाही.

म्हणून मी पायाच्या वरच्या टोकाला निम्म्या जाडीची खाच घेतो आणि एक इंच जाड, तीन इंच रुंद पट्टी त्यात उभी बसवतो. स्क्रू आणि फेविकॉल लावतो, पण फक्त पकडीसाठी. इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. पट्टीची वरची कड पायाच्या डोक्याशी अगदी सपाट मिळवली, तर काम देखणं दिसतं पण उन्हाळ्यात दगा देतं. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटतं. तीन इंची सागवानी पट्टी पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पाऊण मिलिमीटरभर कमी होऊ शकते, पाय मात्र तेवढाच राहतो. मग चार पायांची डोकी वर येतात आणि सगळी टाकी त्या चार ठिपक्यांवर बसते. काचेला याहून वाईट काही नाही. म्हणून पट्टीची कड पायाच्या डोक्यापेक्षा दोन मिलिमीटर वर ठेवावी आणि चारही पट्ट्या एकाच फळीतून काढाव्यात, म्हणजे फुगणं-आटणं सगळीकडे सारखं होतं. पट्टी उभी बसवण्यामागेही हिशेब आहे. दोन पायांमध्ये ८० सेंटीमीटर अंतर असेल, तर निम्म्या टाकीच्या भाराखाली उभी सागवानी पट्टी मधोमध अर्धा-पाऊण मिलिमीटर वाकते. तीच पट्टी आडवी झोपवली की वाक नऊपट होतो, म्हणजे पाच-सहा मिलिमीटर. लाकूड तेच, पैसेही तेच. वरून १८ मिलिमीटरचा प्लाय टाकायचा, तर पाण्याला टिकणारा ७१० ग्रेडचा घ्यावा. भुशाचा बोर्ड एकदा भिजला की फुगतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

खाली उतरणाऱ्या वजनाची सोय झाली, तरी बाजूच्या धक्क्याचं काय? अडीच फूट उंच स्टँडवर ठेवलेल्या या टाकीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून जवळजवळ एक मीटरवर येतो आणि रुंदी फक्त एक फूट. सगळं मिळून नऊ अंश कललं की ते उलटणार, आणि आतलं पाणी हिंदकळलं तर त्याच्याही आधी. घरात लहान मूल असेल तर हा आकडा विसरून चालत नाही. नुसती चौकट कितीही जाड असो, तिचे काटकोन बिघडतात. मागे आणि दोन्ही बाजूंना सहा मिलिमीटरचा प्लाय चहूकडून ठोकला की चौकट तिरपी होऊच शकत नाही. एवढं करून वरची पट्टी भिंतीला क्लॅम्पने बांधावी.

वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्यावा, लाकडाची उठाठेव कशाला, असंही म्हणतात. लोखंड ताकदीला चांगलंच आहे. पण वेल्डिंगच्या उष्णतेने चौकट पिळली, तर वरचे चार कोपरे एका पातळीत राहत नाहीत, आणि काचेची टाकी असा पीळ सोसत नाही. लाकडाची चौकट पिळली तर रंध्याने दुरुस्त होते. चौकटीच्या दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवाव्यात, डोळा खाली आणून जवळच्या पट्टीवरून लांबची पट्टी पाहावी. दोन्ही कडा समांतर दिसल्या तर ठीक. एक कोपरा उचललेला दिसला तर तिथे रंध्याचा हलका हात फिरवावा आणि पुन्हा पाहावं. टाकीखाली थर्माकोल घातला की भागतं, असं पुष्कळ जण मानतात. तो वाळूचा कण किंवा रंध्याची खरवड झाकतो. चौकटीचा पीळ त्याने जात नाही.

शेणाने सारवलेल्या जमिनीवर नुसते चार पाय टेकवले तर ओल आली की ते रुतणारच, म्हणून खाली शहाबादी फरशी घालावी. पायांच्या तळाला लाकडाचे तंतू उघडे पडतात आणि पाणी तिथूनच वर चढतं, तेव्हा तिथे तेलरंगाचे दोन-तीन हात द्यावेत. सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, पण कडेचं पांढरट लाकूड ती खातेच, म्हणून ते तासून टाकावं. टाकी आधी एक तृतीयांशच भरावी. पाण्याची पातळी स्वतःच उत्तम मोजमाप आहे. चारही कोपऱ्यांवर काचेच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजावं. फरक दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त निघाला, तर पाणी काढून पायाखाली पाचर घालावी, टाकी आणि स्टँडच्या मधे कधीच नाही. अंतर जुळलं की उरलेलं पाणी भरावं, रात्रभर तसंच ठेवावं, सकाळी पुन्हा मोजावं आणि मगच वाळूत रोपं लावायला घ्यावीत.