शेवाळाचा हिशेब

बेंगळूरला राहून घरात समुद्र बाळगण्याची हौस करणे, हे वाचकहो, थोडेसे वेडेपणाचेच म्हटले पाहिजे. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले, ते समुद्राच्या अगदी काठी. आमचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच. मंगळूरला जा किंवा चेन्नईला, रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरांची मजल. त्यामुळे आमचा समुद्र पिशवीतून येतो. त्यासाठी मिळणारे खास क्षार एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात विरघळवावयाचे, की झाले सागरजल तयार! त्यात दोन नारिंगी क्लाउन मासे, दोन कोळंब्या आणि चार-पाच शंखातल्या गोगलगायी, एवढाच आमचा परिवार. त्याची खरी मालकीण माझी नात.

आरंभीच्या आठवड्यांत काचेवर तपकिरी थर आला आणि आपोआप गेला. नव्या पेटीत तो बहुधा येतोच. परंतु तिसऱ्या महिन्यात दगडांवर हिरव्या केसांसारखे शेवाळ उगवले. मी ते उपटावे आणि आठवड्याभरात ते दुप्पट व्हावे, असा क्रम सुरू झाला. शेवटी माझा धीर सुटला. शेवाळ मारण्याच्या औषधाची एक बाटली आणून, तिच्यावरील बारीक अक्षरे न वाचताच, मी ती पेटीत ओतली.

दोन दिवसांत शेवाळ पांढरे पडले. मी विजयी मुद्रेने घरभर फिरलो. तिसऱ्या दिवशी सकाळी नातीने हाक मारली, "आजोबा, कोळंबी हलत नाही." एक नव्हे, दोन्ही कोळंब्या गेल्या होत्या, आणि गोगलगायी वाळूवर उलट्या पडल्या होत्या. त्या औषधात तांबे होते. तांब्याची जी मात्रा मासा एक वेळ सोसतो, ती कोळंबीला आणि गोगलगायीला प्राणघातक ठरते. शिवाय मेलेले शेवाळ पेटीतच कुजले, आणि त्याने जे शोषून घेतले होते ते सारे पाण्यात परत आले. पाणी अनेक वेळा बदलून तांबे काढले, तोच शेवाळ पुन्हा हजर! नात मला रागावली नाही; पण दोन दिवस पेटीजवळ फिरकलीही नाही. ते मला अधिक लागले.

मग मी एक वही घेतली, आणि पेटीत रोज काय काय जाते ते लिहू लागलो. खाद्य मी सकाळी घाली, नात संध्याकाळी, आणि पाहुणे आले की कौतुकाने आणखी एक चिमूट. दिवा रात्री अकरापर्यंत जळे. पाणी कूपनलिकेचे. माशाने न खाल्लेले अन्न आणि त्याची विष्ठा यांपासून पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट साठतात. कूपनलिकेच्या पाण्यातही नायट्रेट असू शकते. शेवाळाला आणखी काय हवे? खत आम्हीच घालीत होतो आणि ऊनही आम्हीच देत होतो. शेवाळ केवळ त्याचा चोख हिशेब मांडीत होते.

उपाय साधेच होते. खाद्य एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढे. दिवा आठ तास. पाणी आरओ यंत्राचे, आणि आठवड्याला दहावा हिस्सा बदललेला. शेजारच्या लहान पेटीत तारेच्या गुंत्यासारखे दुसरे शेवाळ मुद्दाम वाढविले. ते खत शोषून घेते आणि आपण मूठभर काढून टाकले की खतही बाहेर जाते. शिवाय एक स्किमर बसविला. त्यात बारीक बुडबुडे पाण्यातून वर येतात, घाण त्यांच्या अंगाला चिकटते आणि फेस होऊन वरच्या पेल्यात साचते. अडीच महिन्यांनी दगड स्वच्छ झाले, आणि तेव्हाच आम्ही नव्या कोळंब्या आणल्या.

एके दिवशी तो पेला धुताना नात म्हणाली, "आजोबा, हा तर बेल्लंदूरच्या फोटोतला फेस!"

आपण तो फोटो पाहिला असेल. सुमारे ९०० एकरांच्या आमच्या बेल्लंदूर तळ्यावर पांढऱ्या फेसाचे डोंगर माजत आणि वाऱ्याने रस्त्यावर उडत. मे २०१५ मध्ये त्या फेसाने पेट घेतला; फेब्रुवारी २०१७ व जानेवारी २०१८ मध्येही तळ्यात आगी लागल्या. भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी कारण दाखविले ते असे, की शहराचे सांडपाणी साबणाचे अंश, नायट्रोजन आणि फॉस्फरस घेऊन तळ्यात उतरते. त्यावर जलपर्णी माजते. ती यंत्राने काढली तरी, सांडपाणी येत राहिले की पुन्हा पसरते. माझ्या उपटलेल्या शेवाळाची गोष्ट ती हीच. पेटीतल्या फेसाला निदान पेला असतो. तळ्याच्या फेसाला रस्ता.

तळे सुधारणे एका घराच्या हातचे काम नव्हे, हे मी जाणतो; त्यासाठी सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रेच हवीत. पण न्हाणीघरातून वाहणारे पाणी कोठे जाते, हे विचारणे आपल्या हाती आहे. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरांवरून, जवळजवळ ५०० मीटर वर चढवून आमच्या नळाला येते. एवढ्या कष्टाने आलेले पाणी आपण परत कोणत्या रूपात पाठवितो? आमच्या घरी आता धुण्याची पावडर मापाने घेतात. ते माप नातीनेच ठरविले आहे, आणि माशांच्या खाद्याचा डबाही हल्ली तिच्याच ताब्यात असतो.