लाल धुळीतला संसार

गोव्यात डिचोलीहून सारमानसच्या धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत ज्यांची घरं होती, त्यांच्या शाळेच्या सदऱ्याला वर्षात तीन रंग असायचे. जूनमध्ये नवा सदरा पांढरा. दसऱ्याला खाणीचे ट्रक सुरू झाले की चारच दिवसांत गुलाबी. आणि मे महिन्यात जो व्हायचा त्याला आई ‘खाणीचा रंग’ म्हणायची. साबण बदलून पाहिला, नीळ घालून पाहिली, उन्हात ठेवून पाहिलं. शेवटी सगळ्यांचेच सदरे तसले, म्हणून कुणी कुणाला हसत नसे.

धुणं वाळत घालणं ही तेव्हा कसबाची गोष्ट होती. आधी रस्त्यावर कान द्यायचा. पाण्याचा टँकर रस्ता भिजवून गेला की अर्धापाऊण तास आपला. तेवढ्यात चादरी बाहेर, धोतरं बाहेर, लहान मुलांचे कपडे सगळ्यांत आधी. रस्ता सुकला आणि पहिला टिपर घरंगळत आला की हाकाटी उठायची, “गे, दोरी काढ!” मग सगळ्या वाड्यावरच्या बायका एकदम धावायच्या. वाळवणाची तर फारच पंचाईत. पापड, सांडगे, मिरच्या घेऊन आत्याकडे सत्तरी तालुक्यात जायचं, तिच्या अंगणात पसरायचं आणि आठवड्याने डबे भरून परत यायचं. घरच्या अंगणात एकच पदार्थ बिनघोर वाळत घालता येई, तो म्हणजे कोकमाची सोलं. धूळ बसली तरी रंगात कळत नसे. पाहुण्यांनी कढीची तारीफ केली की आम्ही मुलं एकमेकांकडे बघायचो.

पण ज्या खाणीने धूळ दिली तिनेच घरातलं निम्मं सामानही दिलं. खाणीवरचं तेलाचं पिंप आधी माती-राखेने घासायचं, मग सोड्याने, मग चुना लावून उन्हात ठेवायचं. तरी पहिला पावसाळा पाण्याला ऑइलचा वास यायचाच. खनिज वाहून नेणारा रबरी पट्टा झिजला की त्याचे तुकडे घरोघर यायचे. एक उंबऱ्याशी पायपुसणं म्हणून, एक गोठ्यात म्हशीखाली, आणि उरलेल्याचे चांभाराकडून चपलांना तळवे. ट्रकची फाटकी ताडपत्री पावसात पडवीला झडप. पडवीची फाटली की लाकडांवर. लाकडांवरची फाटली की शेणीवर. ट्यूबच्या पट्ट्या तर कशालाही चालायच्या. बालदीचा कान, छत्रीची काडी, सायकलचं कॅरियर, पोरांची बेचकी, सगळं ट्यूबने बांधलेलं. फुगवलेल्या अख्ख्या ट्यूबवर वाड्यावरची निम्मी पोरं पोहायला शिकली. बाद झालेल्या बेअरिंगांची गाडी करून आम्ही उतारावरून सुटायचो आणि गुडघे फोडून घ्यायचो. कुठल्याही वस्तूबद्दल शंका काढली की वडील म्हणायचे, “खाणीवरचं आहे, मोडायचं नाही.” आणि मोडत नसे.

या सगळ्यांत मानाचा होता पाट्याचा कोयता. ट्रकचा कमानपाटा तुटला की ड्रायव्हर तो वाटेत टाकून देत नसे, कुणाला तरी शब्द दिलेला असायचा. तो पाटा घेऊन लोहाराकडे जायचं. पाटा आधी तापवून, ठोकून सरळ करायचा, मग छिन्नीने लांबी तोडायची, मग परत भट्टीत. टोकाला बाक देताना लोहार कुणाशी बोलत नसे. शेवटी धार लालसर असतानाच पाण्यात अशी बुडवायची, की पाठ मऊ राहील आणि धार कडक होईल. सगळा कोयता बुडवला तर नारळाच्या देठावर तुकडा उडतो. मूठ फणसाच्या लाकडाची आपण घरून न्यायची. बाजारच्या कोयत्याला दर दोन महिन्यांनी धार लावावी लागे. हा गणेशचवथीच्या आधी एकदा दगडावर फिरवला की वर्षभर पाहावं लागत नसे. आमच्या आजोबांचा कोयता झिजून झिजून विळ्याएवढा राहिला, तरी गणपतीच्या माटोळीच्या वेली तोडायला तोच बाहेर निघायचा.

खाणी काही आमच्यापासून सुरू झाल्या नाहीत. पोर्तुगीज अमदानीतच सवलतीचे परवाने दिले जाऊ लागले, पण खरा धंदा पेटला तो 1950 नंतर, जपानला लोखंड हवं झालं तेव्हा. आमच्या आजीच्या आठवणीतली खाण म्हणजे कुदळ, पाटी आणि बायकांची रांग. डोक्यावरच्या पाटीतून माती खाली यायची. मग यंत्रं आली, ट्रक आले, बार्ज आल्या. मुक्तीनंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले भाऊसाहेब बांदोडकर स्वतःच खाणमालक होते, तेव्हा या धंद्याचं वजन काय होतं ते वेगळं सांगायला नको.

त्या धंद्याने आमचं पंचांगच ठरवलं. खंडेनवमीला ट्रक धुवायचा, झेंडूची माळ, नारळ, चाकाखाली लिंबू. त्यानंतर मेअखेरपर्यंत खेपा. किती पगार मिळतो असं कुणी विचारत नसे, “आज किती खेपा?” असंच विचारायचे. खेपेवर पैसा, म्हणून वेगाने पळवायचे, म्हणून अपघात. त्या रस्त्यावर प्रत्येक वाड्याने कुणी ना कुणी गमावलंय, त्याची यादी इथे देत नाही. जूनमध्ये खाणीच्या खंदकात पाणी भरलं की सगळं थंड. मांडवीच्या तोंडाशी वाळूचा बांध उसळायला लागला की बार्जना आग्वादकडून समुद्रात जाता येत नसे. ज्या जायच्या त्या कुंभारजुव्याच्या खाडीतून झुवारीत आणि तिथून मुरगावला. ट्रक मात्र अंगणात ठोकळ्यांवर उभा, नव्या ताडपत्रीत गुंडाळलेला, टायर काढून पडवीत ओळीने लावलेले. घरात पाऊस गळला तरी चालेल, ट्रकवर थेंब पडता कामा नये. कारण घर आपलं होतं आणि ट्रक बँकेचा. चवथ नेमकी या मोकळ्या महिन्यांत येते, म्हणून बाजारात हात आखडता. वाण्याच्या वहीत ‘दसऱ्यानंतर’ एवढंच लिहिलेलं असायचं आणि तेवढं पुरायचं.

आम्हा पोरांची मैदानं म्हणजे डंप. एक टन खनिज काढायला दोन-तीन टन माती उपसून बाजूला टाकावी लागते. त्या टाकलेल्या मातीचे डोंगर झाले होते, त्यावर आकेशिया लावलेला. तिथे मधूनच निळसर काळी, मऊसूत भुकटी सापडायची, ब्लू डस्ट. बोटांत चोळली की चांदीसारखी चमकायची आणि आठवडाभर नखांतून निघत नसे. दिवाळीला नरकासुर रंगवायला आम्ही ती तेलात कालवून वापरली आहे. बाजारचा कुठलाही रंग तिच्यापुढे फिका. पुढे चीनला कमी प्रतीचंही खनिज हवं झालं आणि ज्याला सगळे कचरा समजत होते ते डंपसुद्धा ट्रकांत चढून गेले. 2010-11च्या सुमाराला गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर जात होतं. घरात टीव्ही मोठा झाला, दारात दुसरा ट्रक आला, लग्नात जेवणाचे प्रकार वाढले.

त्याच वर्षांत विहिरीचा दोर लांबत होता. हे आम्हाला कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. दोर तुटला की नवा घ्यायचा नाही, गाठ मारायची, ही घरची रीत. पण दोर न तुटताही आई वैशाखात त्याला एक वाव जोड द्यायची, पुढच्या वैशाखात आणखी एक. खाणीचा खंदक भूजलाच्या खाली गेला, आत झिरपलेलं पाणी पंपाने ओढ्यात सोडलं, की आसपासच्या विहिरींनी काय करायचं? शिरगावात लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, तळीवर आंघोळ करून होमकुंडाकडे जातात, आणि त्याच गावाच्या विहिरी सभोवारच्या खाणींमुळे आटू लागल्या, ते प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. आमच्याकडे कोर्टबिर्ट नाही झालं. टँकर आला, पिंप भरलं, आम्ही गप्प. पावसात डंपाची माती वाहून शेतात बसली, भाताच्या रोपांवर लाल साय धरली, भरपाई मिळाली, आम्ही गप्प. जी माणसं ताडपत्रीचा तुकडा वाया घालवत नव्हती, त्यांनी वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, मळी बेलाशक गाळाखाली जाऊ दिली. आजही हा हिशेब मला जुळवता येत नाही.

मग 2012च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. 2014मध्ये मर्यादा घालून ती उठली, आणि 7 फेब्रुवारी 2018च्या निकालाने 88 परवान्यांचं नूतनीकरण रद्द होऊन मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. अंगणातले ट्रक त्या दसऱ्याला ठोकळ्यांवरून उतरलेच नाहीत. हप्ते थकले, सरकारने कर्जफेडीच्या योजना काढल्या, काहींनी ट्रक मोडीत घातले. गॅरेजं, चहाच्या गाड्या, खाणावळी, टायरवाले एकेक करून मिटले. पोरं कुणी विमानतळावर, कुणी आखातात, कुणी जहाजावर. सदरे पांढरे राहू लागले, आणि ते बघायला घरात शाळकरी पोरच नव्हतं, अशीही घरं आहेत.

आता लिलाव होऊन डिचोलीचा ब्लॉक 2024पासून पुन्हा सुरू झालाय. कुणाला आनंद, कुणाला धास्ती, एकाच घरात दोन्ही. ट्रक चालावेत की नाहीत यावर मी इथे निकाल देत नाही. ज्याच्या चुलीचा प्रश्न आहे त्याने द्यावा. मागणं एवढंच आहे. ज्यांच्या परसात अजून विहीर आहे त्यांनी दर वैशाखात दोर सोडून पाणी किती वाव खाली आहे ते मोजावं, आणि तारखेसकट वहीत लिहून ठेवावं. टँकर येवो न येवो, लिहावं. आमच्या आईने नुसताच दोर जोडला, लिहिलं काही नाही. म्हणून भरपाईचा साहेब घरी आला तेव्हा आमच्याकडे दाखवायला गाठींखेरीज काहीही नव्हतं.