आबांचा तांब्या

आबांना जाऊन काही वर्षं झाली, पण आम्ही भावंडं एकत्र बसलो की बोलणं त्यांच्या तांब्यावर येतंच. नांदेडचा दादा म्हणतो, तांब्या पितळी होता. लातूरची ताई म्हणते, नाही, चांगला लालभडक तांब्याचा होता. त्याच्या काठाला पोचा होता, हे मात्र सगळ्यांना पक्कं आठवतं. त्या पोच्यातून धार बारीक पडायची. आजीनं कितीदा तरी कासाराकडं टाकायला काढला, पण आबा म्हणायचे, "राहू दे, पाणी सांडत नाही त्यानं."

आबा औसा तालुक्यातले. लातूर जिल्हा झाला १९८२ साली. आबा जन्मले तेव्हा औसा निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होता. शाळा उर्दूतून झाली, म्हणून म्हातारपणीही किराण्याचा हिशेब उर्दू आकड्यांत मांडायचे आणि तो वाचून दाखवायला आम्हाला त्यांनाच उठवावं लागायचं. १९४८ साली रझाकारांच्या धास्तीनं गावातली पुष्कळ घरं रातोरात बैलगाड्या जुंपून हद्दीपलीकडं, बार्शीला गेली. आबा तेव्हा अठरा वर्षांचे. तिथं रोज नवी माणसं यायची. पायांना फोड आलेली, कडेवर लेकरं. आबांनी तांब्या घेतला आणि येईल त्याला पाणी दिलं. १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान मुक्त झालं तोवर त्यांचं तेच काम चाललं होतं. पुढं जाणत्या मंडळींनी स्वातंत्र्यसैनिक म्हणून अर्ज करा, असं सांगितलं. आबांनी केला नाही. म्हणाले, "बंदुका धरल्या त्यांनी अर्ज करावा. मी नुसतं पाणी दिलं." घरात तेव्हा पैशाची गरज होती, हे मोठ्या काकांनी आम्हाला नंतर सांगितलं. मला अजूनही वाटतं, त्यांनी अर्ज करायला हवा होता.

नांदेडला ते उस्मानशाही मिलमध्ये लागले, साचेखात्यात. पुढं पाटी बदलली, पण त्यांच्या तोंडी ती उस्मानशाहीच राहिली. पहिला पगार निजामाच्या हाली शिक्क्यात मिळाला होता. सात हाली म्हणजे सहा कलदार रुपये, हे गणित आबा आम्हाला पाढ्यासारखं म्हणायला लावायचे. घर चालायचं मिलच्या भोंग्यावर. आजीची चूल, मुलांची शाळा, रात्रपाळीच्या दिवसांत आबांच्या झोपेसाठी गल्लीतल्या पोरांना दटावणं, सगळं त्या आवाजाला बांधलेलं. पाळी संपवून आले की भुवयांवर कापसाचं तूस बसलेलं असायचं. अंगणात उभं राहून आजी ते पदरानं झटकायची, मगच आत घ्यायची. दोघांमधलं प्रेम म्हणून आम्ही उघड्यावर पाहिलेलं तेवढंच.

सुटीच्या दिवशी ते गुरुद्वाऱ्यात जायचे. सचखंडच्या लंगरमध्ये पंगत बसली की डोक्याला रुमाल बांधून बादली-ओगराळं घेऊन पाणी वाढायचे. गुरू गोविंदसिंगांना जाऊन तीनशे वर्षं झाली त्या सोहळ्याला, २००८ साली, देशभरातून माणसं लोटली होती. आबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बादली उचलवेना, म्हणून दादानं बादली धरली आणि आबांनी नुसतं ओगराळं चालवलं.

हे सगळं सांगताना आजीचं एक वाक्य गाळता येत नाही. "गावाला पाणी पाजतेत, घरचा रांजण मीच भरते." खरंच होतं ते. नळाला पाणी यायचं अवेळी, आणि बोअरवरून दोन-दोन घागरी आणायची ती आजीच. आबांनी कधी उलट उत्तर दिलं नाही. निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आजी उठली तर रांजण भरलेला. त्यानंतर हात चालत होते तोवर त्यांनी तिला घागरीला हात लावू दिला नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, सगळे गाढ झोपेत. पहाटे तीन छप्पन्नच्या भूकंपानं नांदेडलासुद्धा फडताळातली भांडी वाजली. लातूरची आत्या सुखरूप असल्याचं कळलं आणि आबा एसटीनं निघाले ते थेट किल्लारीच्या बाजूला. काय पाहिलं ते त्यांनी फारसं सांगितलं नाही. दगड-मातीच्या हात-हात रुंद भिंती, वर लाकडं आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार राहणारी तीच घरं माणसांवर बसली. सुमारे आठ हजार माणसं गेली. वर पाऊस लागलेला. आबा बारा दिवस तिथं होते.

एकच गोष्ट त्यांनी आम्हाला सांगितली, तीही पुन्हापुन्हा. एक म्हातारा आपल्या पडलेल्या घराच्या ढिगाऱ्याशेजारी बसला होता. घरातलं कुणी उरलं नव्हतं. आबांनी पाणी पुढं केलं. त्यानं तांब्या हातात घेतला, आणि परत आबांपुढं धरला. "आधी तुम्ही घ्या. पाव्हणे तुम्ही." आबा प्याले. मग तो प्याला. ताई म्हणते, ही गोष्ट सांगताना आबा दरवेळी इथंच थांबायचे आणि चष्मा पुसायचे. मला चष्मा आठवत नाही, थांबणं आठवतं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये आबा आत्याकडं लातूरला होते. मांजरा धरण आटलेलं, शहर कोरडं. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आबांनी ताईला विचारलं, गाडी कोणत्या वाटेनं आली? पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, असं तिनं सांगितलं. बार्शी ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. जुन्या बार्शी लाइटच्या छोट्या गाडीनं त्यांनी कितीदा तरी ही ये-जा केली होती.

पुढं एका दुपारी गल्लीत टँकर आला. उन्हाचा तडाखा होता, बायका घागरी घेऊन धावल्या. शहाऐंशी वर्षांचे आबा भिंतीला धरून उठले, माठातून तांब्या भरला आणि उंबऱ्याबाहेर आले. ड्रायव्हर पाइप धरून उभा होता.

"आबा, टँकरभर पाणी हाय की माझ्याकडं," तो हसला.

"ते गल्लीचं. हे घे."

त्यानं पाइप ताईच्या हातात दिला, दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि वरून घटाघटा प्याला. उरलेलं तोंडावर मारलं. आबांनी रिकामा तांब्या घेतला, पोच्यावरून अंगठा फिरवला आणि दुसऱ्यांदा भरायला आत गेले, कारण क्लीनरचं पाणी राहिलं होतं.