पंखा कितीवर आहे?

मे महिना, नाशिक, रात्रीचे अकरा. बाबा गच्चीवर गादी टाकून झोपलेत, आणि खाली खोलीत मी पंखा बंद करून, दुलई लपेटून पडलेय. आई येऊन पंखा लावून जाते. मी उठून बंद करते. ती पुन्हा लावते, मी पुन्हा बंद करते. तिसऱ्यांदा ती दारातूनच म्हणते, "रोज नवीन नाटक," आणि दार ओढून घेते.

हे २०१३ साल. मी पंधरा वर्षांची होते, नववीची परीक्षा नुकतीच झाली होती. आणि ते नाटक नव्हतं, मला खरंच थंडी वाजत होती.

एक गोष्ट आधीच सांगते. माझं वजन किती झालं होतं, मी दिवसाला काय नि किती खायचे, यातला एकही आकडा या लेखात नाही. त्या वयात मी असे लेख फक्त आकड्यांसाठी वाचायचे आणि त्या अनोळखी मुलींशी मनातल्या मनात शर्यत लावायचे. कुणी त्यासाठी आलं असेल तर सॉरी, इथे तो माल मिळणार नाही.

सुरुवात त्याच्या आदल्या उन्हाळ्यात झाली. एका लग्नात कुणाच्या तरी काकू माझा दंड धरून म्हणाल्या, "अंगानं भरली हो पोरगी." त्यांनी कौतुकानंच म्हटलं असेल. सगळा दोष त्या एका वाक्यावर टाकायची मला पूर्वी सवय होती, आता नाही. हजार मुली असं ऐकतात आणि संध्याकाळी आमरस-पुरी खातात. माझ्या आत काहीतरी आधीपासून पेटायला तयार होतं. पण उन्हाळा सोयीचा निघाला, हे खरं. मी ताटावरून लवकर उठले की आईच म्हणायची, "या उन्हात कुणाला भूक लागते!"

मग चातुर्मास आला. आमच्या घरी आजीचा चातुर्मास कडक. एखादा पदार्थ सोडायचा, कांदा-लसूण बंद, एकादश्या, श्रावणी सोमवार. त्या वर्षी मी तिच्या जोडीला बसले. आधी पोळी सोडली. मग भात, मग साखर. २०१२ मध्ये अधिक भाद्रपद होता, म्हणजे चातुर्मासही चारऐवजी पाच महिन्यांचा. मी कॅलेंडरवर ते पाहिलं आणि मला लॉटरी लागल्यासारखं वाटलं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

घरातले बाकीचे सगळे 'एकादशी, दुप्पट खाशी' जातीचे. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, वर केळं. उपास धरायचा असतो तसा तो सोडायचाही असतो. मी फक्त धरत गेले. शेजारच्या बायका आजीला म्हणायच्या, "नशीबवान आहात, आजकालची पोरगी असून किती श्रद्धा!" आजी फुलायची. मला देवाशी काहीच घेणंदेणं नव्हतं. नवरात्राचे नऊ दिवस संपले तेव्हा मी चक्क रडले, आणि सगळ्यांना वाटलं, भक्तीनं.

हिवाळा मात्र अवघड गेला. निफाड आमच्यापासून जवळच. राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत दरवर्षी हमखास येणारं गाव. आमच्याकडे डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, बाजरीची भाकरी आणि त्यावर लोण्याचा गोळा. आणि वर ते वाक्य : "खा, थंडीत खाल्लेलं अंगी लागतं." बाकीच्यांना ते आमंत्रण वाटायचं, मला धमकी. 'अंगी लागणं' याच दोन शब्दांना मी घाबरत होते.

पण हिवाळ्यानंही मला सांभाळून घेतलं. स्वेटर, त्याच्या आत आणखी एक स्वेटर, खाली जाड लेगिंग्ज. डिसेंबरमधल्या शाळेच्या गॅदरिंगच्या फोटोत मी चांगली गुटगुटीत दिसते. बोटं निळसर पडायची, ती मोज्यांत जायची. हातांवर, पाठीवर बारीक मऊ लव आली होती, तान्ह्या बाळाच्या अंगावर असते तशी. शरीर आपल्यापुरती गोधडी विणत होतं म्हणा ना.

म्हणजे उन्हाळ्यात मी 'उन्हानं उतरले', पावसाळ्यात 'उपासांनी सुकले', हिवाळ्यात 'अभ्यासानं वाळले'. कुणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येक ऋतूत घराकडे एक तयार कारण होतं आणि ते त्या ऋतूपुरतं पटणारंही होतं. वर्षभराची बेरीज तेवढी कुणी केली नव्हती.

ती आजीनं केली. कशावरून, ते ऐका.

त्याच मे महिन्यात गच्चीवर वाळवणं चालली होती. कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, मग उडदाचे पापड. मी रोज मदतीला. खायचं नसलं की खाणं हाताळायला फार आवडतं, हे या आजारातलं एक विचित्र प्रकरण आहे. दुपारी बाराला, रणरणत्या उन्हात, मी पूर्ण बाह्यांचं जॅकेट घालून कुरडया उलटत होते. आजीनं सोऱ्या खाली ठेवला, माझं मनगट धरलं, बाही वर सारली. ती लव बघितली. मग हळूच विचारलं, "तुझी अडचण कधी येते गं? गेल्या श्रावणापासून एकदाही बाजूला बसली नाहीस."

आमच्या घरी चार दिवस देवाला, लोणच्याला, पापडाला हात लावायचा नाही, हा आजीचा नियम. बाराव्या वर्षापासून मी त्यावरून तिच्याशी भांडत आलेय, अजून पटत नाही. पण खरं ते सांगायला हवं : फॅमिली डॉक्टरनी टॉनिक लिहून दिलं होतं, शाळेनं 'सिन्सिअर' म्हणून शेरा मारला होता, आणि पाळी गेलीय हे कळलं ते याच जुन्या नियमामुळे. आजीच्या भाषेत पाळीलाही ऋतूच म्हणतात. बाकीचे सगळे ऋतू येत-जात होते, हा एक थांबला होता.

दवाखान्यात नाव कळलं : अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. हे नाव लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरनं १८७३ मध्ये दिलं. पेशंटला अन्नाबरोबर बाहेरून ऊबही द्या, असं त्यानं लिहिलंय. त्यासाठी गरम पाण्यानं भरलेली रबरी नळी पाठीच्या कण्यालगत ठेवावी, म्हणे. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की माझी दुलई नाटक नव्हती, याला साक्षीदार मिळाला.

दुसरे साक्षीदार अमेरिकेतले. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सल कीज या शास्त्रज्ञानं ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनं, अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर उपाशी युरोपला पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे शोधायचं होतं. उपासमारीचा टप्पा १९४५ च्या फेब्रुवारीत सुरू झाला आणि जुलैत संपला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. आणि त्या उन्हाळ्यात ते तरुण थंडी वाजते म्हणून तक्रार करत होते. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. मला माझी कुरडयांची गच्ची आठवली. त्यांना बारीक व्हायचं नव्हतं, आरशाचं वेड नव्हतं. नुसत्या भुकेनं माणूस असा होतो. अन्न कमी पडलं की शरीर आधी खर्च कापतं : नाडी मंद करतं, हातापायांकडचं रक्त आत ओढून घेतं, पाळी बंद करतं. बाहेर खरी थंडी असली तर ऊब राखायला आणखी इंधन लागतं, आणि तेच तर नसतं.

दवाखान्यातले दिवस लवकर आटोपते. खाणं एकदम नाही, हळूहळू वाढवलं. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात अचानक अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. रोज रक्त काढायचे. घरी सोडताना डॉक्टरबाई आईला म्हणाल्या, "आता काही महिने हिच्या ताटाचा निर्णय तुमचा. औषध म्हणजे जेवण." आईनं बिनपगारी रजा टाकली.

दर मंगळवारी वजन. डॉक्टरबाई ते आलेखाच्या कागदावर मांडायच्या, आकडा मला न दाखवता. जुलैभर रेघ वर गेली. मग श्रावण लागला. पहिल्या सोमवारी अख्ख्या घराचा उपास आणि माझ्या एकटीपुढे वरण-भात. मला तो घास गिळेना. पुढच्या मंगळवारी रेघ खाली आली.

डॉक्टरबाईंनी आईला विचारलं, "घरात कालनिर्णय असेल ना? गेल्या वर्षीचं?" होतं. आई जुनी कॅलेंडरं फेकत नाही, त्यांवर दुधाचा हिशेब असतो. बाबांनी शाळेच्या जुन्या तपासण्यांची कार्डं शोधून आणली. टेबलावर कॅलेंडर, शेजारी आलेख. उंची वाढत होती, आणि वजन आधी तेवढंच राहिलं होतं, मग उतरत गेलं होतं. "वाढत्या वयात वजन तेवढंच राहणं म्हणजेही घटणंच," त्या म्हणाल्या. निरोगी मुलांचंही वजन ऋतूप्रमाणे थोडं हलतं. थंड देशांत मुलांची उंची वसंतात-उन्हाळ्यात जास्त आणि वजन शरदात-हिवाळ्यात जास्त वाढतं, हे जुनं निरीक्षण आहे. म्हणून एका महिन्याकडे बघून काही कळत नाही. पूर्ण वर्ष बघावं लागतं. आणि माझं पूर्ण वर्ष एकाच दिशेला चाललं होतं.

दुसऱ्या सोमवारी दुपारी आजी माझ्या समोर पाट ओढून बसली. वरण-भात, तूप, लिंबाची फोड. चाळीस वर्षांचा तिचा सोमवार. "देवाला काय सांगायचं ते मी बघते," म्हणाली आणि पहिला घास घेतला. मला एवढा राग आला तिचा! मग मीही खाल्लं. अर्धा तास लागला.

त्यानंतर सगळं सरळ झालं असं नाही. थंडी पडली तशी रेघ झोकात वर गेली, सगळे खूश. डॉक्टरबाईंनी पुढच्या वेळी स्वेटर उतरवून दवाखान्याचा पातळ गाऊन घालायला लावला. वाढ स्वेटरांची निघाली. तेव्हापासून बारा महिने तोच गाऊन, तोच वार, तीच वेळ. उन्हाळ्यात उलटी फसगत होते : घामानं पाणी गेलं की काटा खाली, पाणी प्यायलं की वर. वजनकाटा हवामानाचंही वजन करतो, हे मला सोळाव्या वर्षी कळलं.

पाळी दहावीच्या बोर्डात, भूगोलाच्या पेपरच्या आदल्या रात्री आली. आजीनं ऐकलं आणि पहिलं वाक्य टाकलं, "लोणच्याच्या बरणीला हात लावू नकोस." आयुष्यात एकदाच, मी वाद घातला नाही.

मागच्या मे महिन्यात जळगावहून मावशीचा फोन आला. (पुढचं तिच्या मुलीला दाखवून, ती हो म्हणाल्यावर लिहितेय.) मी पुण्यात नोकरीला, रात्री साडेदहाला डबा गरम करत होते. मावशीचं इकडचं-तिकडचं झालं, मग म्हणाली, "हिनं पोळी सोडलीय हल्ली. पण या उन्हात कुणाला भूक लागते, नाही का?"

मी गॅस बंद केला. विचारलं, "मावशी, ती झोपते त्या खोलीत पंखा कितीवर असतो?"

"हे काय विचारणं झालं? जळगाव आहे बाई हे. पंखा काय, कूलर असतो."

"आत्ता बघून येतेस?"

फोनवर स्लिपरांचा आवाज, मग दाराची कडी. मग बराच वेळ काहीच नाही.

"बंद आहे गं," मावशी कुजबुजली. "चादर डोक्यावरून घेतलीय."

मी तिला फोन ठेवू नको म्हटलं आणि लॅपटॉपवर सकाळच्या जळगावच्या गाड्या बघायला घेतल्या.