पडलेले पाखरू

शिकारीचा विषय या मासिकात काढावा की नाही, याचा आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. ज्या घरांत हे अंक देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवले जातात, तेथे बंदुकीची कथा नेणे प्रशस्त नव्हे, असे एक मन म्हणे. दुसरे मन म्हणे की, जी गोष्ट साठ वर्षांहून अधिक काळ सलते आहे, ती सांगण्यास याहून बरे वाचक कोठे मिळणार? या गोष्टीत पाखरू आहे, बंदूक आहे, कुत्रा आहे. पण तिचे मूळ आमच्या तोंडून गेलेल्या एका शब्दात आहे. त्या शब्दासाठी वाचकांनी बाकीचे सोसावे.

आमचे घराणे मूळचे देशावरचे. होळकरांच्या चाकरीत माळव्यात आले आणि इंदुरासच राहिले. होळकरांचे कुलदैवत मल्हारी मार्तंड, तेच आमचेही. वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. ते संस्थानच्या जंगलखात्यात होते. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले, तेव्हा नव्या सरकारच्या त्याच खात्यात गेले. त्यांना शिकारीचा नाद होता, पण मोठ्या जनावरांचा नव्हे. कार्तिकी पौर्णिमेपासून होळीपर्यंत तित्तिर आणि लावे, एवढीच त्यांची मर्यादा. होळी पेटली की बंदूक तेल लावून पेटीत जाई. कारण त्यानंतर तित्तिर जोड्या करून अंड्यांवर बसू लागतात.

१९६१ च्या हिवाळ्यात आम्ही सोळा वर्षांचे होतो. साल पक्के ध्यानात राहण्याचे कारण असे की, त्याच डिसेंबरच्या १९ तारखेस गोवे मुक्त झाले आणि आमच्या वाड्यात पेढे वाटले गेले. त्या हिवाळ्यात आमच्या घरी मोत्या होता. महूच्या छावणीतील एका लष्करी अधिकाऱ्याच्या कुत्रीची पिल्ले झाली, त्यांतले एक आबांनी मागून आणले होते. जातीने पॉइंटर, अंग पांढरे, कान व पाठीवरचे ठिपके काताच्या रंगाचे. दहा महिन्यांचे पोर ते!

पॉइंटरचे काम ज्यांनी पाहिले नाही, त्यांस ते थोडे सांगितले पाहिजे. हा कुत्रा पाखराचा पाठलाग करीत नाही. वाऱ्याच्या तोंडाशी नाक धरून तो शेत विंचरीत जातो, आणि पाखराचा वास आला की जागच्या जागी थिजतो. मान पुढे, शेपटी ताठ, पुढचा एक पाय उचललेला. पाखरू गवतात दडून असते, कुत्रा त्याच्यासमोर उभा असतो, आणि धनी येईपर्यंत दोघेही हलत नाहीत. ज्या क्षणी झेप घ्यावी अशी अंगातील शिरन् शीर सांगत असते, नेमक्या त्याच क्षणी थांबणे, हा त्या जातीचा धर्म. मोत्या दोन महिन्यांचा असताना आबांनी काठीच्या टोकास दोरीने एक पीस बांधून अंगणात नाचविले होते. दोनदा झेप घेऊन फसल्यावर तिसऱ्यांदा तो पाय उचलून उभा राहिला, तेव्हा आबांच्या डोळ्यांत जे समाधान दिसले, ते आमच्या परीक्षेच्या निकालाने कधी दिसले नव्हते.

पण जात असली तरी पोर ते पोरच. चंडोल उडाला तरी मोत्या त्याच्यामागे धावे. त्याच्या गळ्यात वीस हातांची दोरी असे; ती जमिनीवरून घसटत जाई आणि त्याने आगळीक केली की आम्ही तिच्यावर पाय देत असू. त्यातून तित्तिर हे पॉइंटरची परीक्षा पाहणारे पाखरू. लावा दडून बसतो. तित्तिर मात्र कुत्रा थिजताच काट्यांतून पायीच पळ काढतो आणि पन्नास पावलांवर जाऊन उडतो. असे चकवे खाऊन खाऊन मोत्या शिकत होता.

आमचे रान महूच्या पलीकडे, जानापावच्या वाटेवर होते. कोकण-गोव्याच्या वाचकांस हे ऐकून आनंद होईल की, ज्या परशुरामाची भूमी म्हणून आपण आपल्या देशास वंदन करिता, त्याचे जन्मस्थान म्हणून हा डोंगर इकडे पूजिला जातो. चंबळेचा उगमही तेथेच. पायथ्याशी काळ्या मातीचे हरभऱ्याचे व गव्हाचे तुकडे, बांधांवर बोरी-बाभळी आणि मधूनमधून कोरडे नाले. पहाटे दव इतके पडे की गुडघ्यापर्यंत धोतर भिजून जाई. अशा ओल्या पहाटे वास जमिनीशी धरून राहतो. ऊन चढू लागले की तो विरतो आणि कुत्रा आंधळा झाल्यासारखा फिरतो. सांज निवली की पुन्हा घटकाभर काम चालते.

आबांचे नियम तीन. बसलेल्या पाखरावर बंदूक चालवायची नाही. चाळीस पावलांपलीकडे घोडा ओढायचा नाही. आणि पडलेले पाखरू सापडल्यावाचून घरी यायचे नाही. तिसऱ्या नियमासाठी त्यांनी एकदा दोन तास बाभळीखाली रांगत काढलेले आम्ही पाहिले होते.

कार्तिक अमावास्येच्या आदल्या दिवशी सांजेस आबा नाल्याच्या एका अंगास होते, आम्ही व मोत्या दुसऱ्या अंगास. एक तित्तिर बांधावरून उडाला. साठ पावले तरी अंतर असेल. आम्ही दुनळीचा दुसरा बार काढला. पाखरू क्षणभर खचले, त्याचे पाय खाली लोंबू लागले आणि ते नाल्यातल्या बोरीच्या जाळीत उतरले. पाय लोंबणे याचा अर्थ आम्हांस चांगला ठाऊक होता.

पलीकडून आबांची हाक आली, “लागला काय रे?”

सूर्य टेकला होता. महूहून इंदुरास जाणारी छोट्या रुळाची गाडी गाठावयाची होती. जाळी काटेरी. आणि मुख्य म्हणजे, इतक्या लांबून बार का काढलास, याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

“नाही, आबा. साफ चुकला.”

मोत्या मात्र जाळीकडे निघाला होता. आम्ही हाक मारली. तो आला नाही. जाळीच्या तोंडाशी जाऊन तो उभा राहिला. मान पुढे, पाय उचललेला. त्या हिवाळ्यातील त्याचा पहिला निर्दोष पॉइंट तो. आम्ही दोरीचा पीळ करून त्याच्या पाठीवर दोन फटके ओढले आणि त्यास ओढीत घेऊन आलो. तो ओरडला नाही. नुसता आमच्या तोंडाकडे पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी अमावास्या, आणि प्रतिपदेपासून खंडोबाचे षड्रात्र. त्या दिवसांत आमच्या घरी बंदुकीस व मांसास स्पर्श नसे. सहा दिवस नंदादीप तेवला, सहा दिवस आम्ही आरतीस उभे राहिलो. चंपाषष्ठीस वांग्याचे भरीत, रोडगे, पातीचा कांदा असा नैवेद्य झाला, तळी भरली, येळकोट झाला. आमच्या घरची रीत अशी की, त्या दिवशी नैवेद्यातला पहिला घास देवाच्या कुत्र्याचा म्हणून घरच्या कुत्र्यास घालावयाचा. आईने पान आमच्या हाती दिले व म्हणाली, “तूच घाल हो मोत्याला. तुझ्या मागे मागे असतो.” मोत्याने आमच्या हातून रोडगा खाल्ला आणि हात चाटला. त्याच हाताने दोरीचा पीळ केला होता. तरीही आम्ही गप्पच राहिलो.

सप्तमीस पुन्हा त्याच रानात गेलो. नाल्याशी येताच मोत्याने आमच्याकडे एकवार पाहिले, अंग आखडले आणि पोटावर सरपटल्यासारखा तो त्याच जाळीपाशी गेला. तेथे तो थिजला; पण शेपटी ताठ नव्हती, पोटाखाली गेली होती, आणि सारे अंग थरथरत होते. आबांनी काट्या बाजूस सारल्या. आत तित्तिर होता. एक पंख मोडून मातीत लोळत होता, छातीचे हाड वर आले होते. डोळे उघडे होते.

आबांनी ते पाखरू उचलले व त्याचे दुःख संपविले. मग आमच्याकडे न पाहता त्यांनी विचारले, “आठ दिवस?”

आम्ही मान हलविली. ते पुढे काही बोलले नाहीत. दुनळीतली काडतुसे काढून त्यांनी खिशात टाकली आणि आम्ही परत आलो.

शिक्षा आबांनी केली नाही. ती मोत्याने केली. पुढच्या खेपेपासून आबा बरोबर असले की तो नीट काम करी. आम्ही जवळ असलो की वास लागताच तोंड फिरवी आणि भलतीकडे चालू लागे, जणू तेथे काही नाहीच. दोनदा त्याने सोडलेल्या जागेवरून आमच्या पायांखालून लावे उडाले. आबांनी उलगडा केला : पाखरापाशी मार बसतो हे एकदा मनात बसले की कुत्रा वास लपवू लागतो, हा दोष लागला की सहसा जात नाही. म्हणजे मोत्या खोटे बोलू लागला होता, आणि ती विद्या त्यास आम्ही दिली होती.

ती विद्या विसरविण्यात सारा हिवाळा गेला. आबा आमच्या हाती रिकामी दुनळी देत. आम्ही आठवड्यातून दोनदा मोत्यास घेऊन जात असू, तो तोंड फिरवी तेथे मुकाट्याने बसत असू, आणि तो परत येऊन बसला की पाठीवरून हात फिरवीत असू. महाशिवरात्रीस आजीने शिवलीलामृतातील व्याधाची कथा वाचली. दिलेल्या वचनासाठी हरिणे मरणाच्या दारी परत येतात, आणि त्यांचे सत्य पाहून व्याधाचे धनुष्य गळते. ती कथा आम्ही दरवर्षी ऐकत आलो होतो. त्या वर्षी मात्र ती ऐकताना मान वर करवली नाही.

होळीस थोडे दिवस राहिले असता एके सायंकाळी हरभऱ्याच्या बांधावर मोत्या थांबला. त्याने मागे वळून आमच्याकडे पाहिले, बराच वेळ पाहिले. मग मान पुढे केली आणि पाय उचलला. आबांनी खिशातून एक काडतूस काढून दिले. लावा उडाला, पंचवीस पावलांवर आम्ही बार काढला, आणि पाखरू वाळल्या गवतात पडले. उजेड जात होता. मोत्यास वास मिळेना. आबा बांधावर बसून राहिले; घाई कर असेही म्हणाले नाहीत. दीड तास आम्ही दोघे, एक मुलगा आणि एक कुत्रा, त्या गवतात हातपाय टेकून शोधीत होतो. अखेर मोत्यानेच ते तोंडात धरून आणले आणि आमच्या हाती दिले. गाडी केव्हाच गेली होती. ती रात्र महूच्या फलाटावर काढली. थंडीत मोत्या मधे झोपला होता. त्याचे डोके आमच्या मांडीवर होते.

पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. आमची दुनळी त्याआधीच जमा झाली होती. त्याबद्दल आमची तक्रार नाही. जेथे मोत्या वास धरीत असे, तेथील पुष्कळ बांध मोडले, कोठे सोयाबीन आले, कोठे वसाहती उठल्या. जेथे बोरी-बाभळी उरल्या आहेत, तेथे हिवाळ्याच्या पहाटे तित्तिर अजून बोलतो. आम्ही काठी टेकीत जातो आणि ऐकून परत येतो.

चंपाषष्ठीचा पहिला घास आजही कुत्र्याचाच असतो. घरी कुत्रा नाही, म्हणून गल्लीतल्यास घालतो. नातवंडे विचारतात, आजोबा, कुत्र्याला आधी का? तेव्हा ही गोष्ट आम्ही त्यांना पहिल्यापासून सांगतो. पाखरू चुकले, असे मात्र सांगत नाही.